बेडा

खाली पार्किंगमध्ये पोरं टिकल्या फोडायला लागली की तो जळका वास आमच्या बेंगळुरूतल्या एचएसआर लेआउटमधल्या बाल्कनीत येतो आणि मला ती बंदिस्त शूटिंग रेंज आठवते. पुण्याहून इथे येऊन तेव्हा महिनाच झाला होता. भिंतीवर नियम होता: एक गोळी झाडा, श्वास घ्या, मगच दुसरी. माझी पहिली बरोबर मध्ये लागली आणि त्या खुशीत मी पुढच्या दोन धडाधड झाडल्या. कानांवर जाड मफ होते, तरी मागून म्हातारे कोच ओरडलेले ऐकू आले, "वेडा! वेडा!" चारचौघांत वेडा म्हणतात म्हणजे काय? मी तडक मागे वळलो, हातातल्या भरल्या पिस्तुलासकट. समोर बायको उभी होती. कोचनी झडप घालून माझं मनगट जमिनीकडे दाबलं. मी घाबरून खाली पाहिलं. बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ होतं. जिवात जीव आला. कोच धापा टाकत म्हणाले, "बेडा बोला मैं, बेडा! कन्नड में! मतलब, मत करो!" बायकोचा चेहरा अजून पांढराच होता, पण ती म्हणाली, "तू बरोबरच ऐकलंस." आता काही नको असलं म्हणून भाजीवाल्याला ती "बेडा" म्हणाली, की पिशवी धरलेलं माझं बोट आपोआप सरळ होतं.