बॉयलरघरातलं सुवाच्य अक्षर

मेलानिया तिखोनिव्नाचा आकड्यांवर विश्वास नव्हता. एकतीस वर्षं तिने स्वतःच ते लिहिले होते ना!

युक्रेनमधल्या सुला नदीकाठच्या एका गावात ती बॉयलरघरात कामाला होती. घरं उबदार ठेवायला नळांतून घराघरांत जाणाऱ्या गरम पाण्याचं तापमान दर तासाला वहीत टिपायचं. गॅसचा दाब कमी पडला की पाणी पंचावन्न अंशांच्या वर जायचं नाही. वहीत मात्र सत्तरच लागायचं, कारण वरून आलेल्या कागदावर सत्तर होतं. पहिल्या हिवाळ्यात तिने खरं लिहिलं. साहेबाने ते पान फाडून तिच्या हातात दिलं. "पुन्हा लिही. सुवाच्य." त्यानंतर तिचं अक्षर कायम सुवाच्य राहिलं.

निवृत्त झाली, नवरा गेला, पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती एकटी उरली. आणि २०१६ च्या शरदात सरकारने परदेशी कर्जासाठी केलेल्या करारापायी गॅसवरची सवलत काढली. घर गरम ठेवण्याचा दर दुपटीच्या वर गेला. त्याच महिन्यात परदेशी मदतनिधीकडून लिथुआनियाची दायवा नावाची इंजिनियर बाई आली. इमारतीला बाहेरून ऊब धरून ठेवणारं जाड आवरण बसवायचं, तळघरात उष्णता मोजणारं मीटर लावायचं. निम्मा खर्च त्यांचा, निम्मा रहिवाशांचा.

"आधी महाग करायचं, मग वाचवायला शिकवायचं," मेलानिया म्हणाली. "दोन्हीकडे तीच माणसं."

रहिवासी संघाचा अध्यक्ष झिनोवी हा भूगोलाचा निवृत्त मास्तर. तो वैतागला. "तुला प्रत्येकात चोर दिसतो, मेलानिया."

"प्रत्येकात नाही. न मागता देणाऱ्यात दिसतो."

दायवा तळघरात उतरली की मेलानिया मागोमाग उतरायची. बाई नळांवर हात ठेवत फिरायची, फोटो काढायची. एक दिवस ती तुटक युक्रेनीत म्हणाली, "बॉयलरघराच्या जुन्या वह्या मिळाल्या मला. किती सुंदर अक्षर! कुणाचं हो?"

"मला काय ठाऊक," मेलानिया म्हणाली आणि जिना चढून गेली. म्हणजे हे आपल्यालाच पकडायला आलेत तर! दोन दिवस तिने दाराची कडी काढली नाही.

तिसऱ्या दिवशी झिनोवीने दाराखालून एक कागद सरकवला. आवरण बसल्यावर बिल निम्म्यावर येईल, असं त्यात होतं, आणि खाली बारीक अक्षरात: आधार, बॉयलरघराच्या नोंदी. तिला एका नजरेत कळलं. एवढी उष्णता या इमारतीला कधी मिळालीच नव्हती. जी आलीच नाही ती वाचणार कुठून? घरं उबदार होतील, पण बिल निम्मं होणार नाही. एवढ्या शिकलेल्या बाईला हे कळत नसेल? की कळूनही गप्प आहे?

रविवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. मेलानिया उभी राहिली.

"दायवाबाई, हे सत्तर अंश तुम्ही खरे धरलेत?"

"वहीत आहेत."

"वहीत मी लिहिलेत. पाणी पंचावन्न असायचं. कधी पन्नास."

मग पाचव्या मजल्यावरची राईसा उठली. तिची मुलगी लहानपणी दर हिवाळ्यात न्युमोनियाने आजारी पडायची.

"मी तक्रार घेऊन गेले होते," राईसा म्हणाली. "दोनदा. साहेबाने वही उघडून दाखवली. म्हणाला, घर गरमच आहे, तुझीच पोर नाजूक. ते तू लिहिलेलं होतं?"

"हो."

"आणि जिन्यात रोज विचारायचीस, पोर कशी आहे गं?"

मेलानिया खाली बसली.

दायवाचा चेहरा लाल झाला होता, पण तिने वाद घातला नाही. "अशा वह्या आमच्याकडेही होत्या," ती म्हणाली. "मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. तीन आठवडे द्या, पुन्हा मोजते."

नव्या हिशेबात बचत निम्मी नाही, पाचवा हिस्सा निघाली. लोक कुरकुरले. मेलानियाने मात्र आवरणाच्या बाजूने हात वर केला.

"आता कसा विश्वास बसला?" झिनोवीने हळूच विचारलं.

"एवढा लहान आकडा खोटा लिहून कुणाला काय मिळणार?"

चार मतांच्या फरकाने ठराव पास झाला. राईसाचं मत विरोधात पडलं.

पुढच्या हिवाळ्यात मेलानिया घरात पहिल्यांदा लोकरी जाकिटाशिवाय बसली. बिल उतरलं, पण सांगितलं होतं त्याहून थोडं कमीच उतरलं. राईसा जिन्यात दिसली की भिंतीकडे तोंड करायची. जानेवारीत मेलानिया खारवलेल्या टोमॅटोंची बरणी घेऊन पाचव्या मजल्यावर गेली. दार साखळीपुरतंच उघडलं.

"ते मीटर तरी खरं बोलतं का?" राईसाने विचारलं. बरणीकडे तिने पाहिलंही नाही.

"तळघराची किल्ली माझ्याकडेच असते, रोज सकाळी बघते मी."

"तुझ्या बघण्यावर मी विसंबू होय? किल्ली दे तळघराची."

मेलानियाने बरणी उंबऱ्याशी ठेवून किल्ली दिली. राईसा टॉर्च घेऊन एकटीच खाली गेली, बराच वेळ वर आली नाही. आल्यावर तिने किल्ली परत केली नाही, कोटाच्या खिशात टाकली. "उद्यापासून मी बघणार," ती म्हणाली, आणि बरणी उचलून आत गेली.