तिसरा बोल्ट

भडक्या हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते त्याने स्वकष्टाने मिळवलं होतं. "अजून किती वेळ?" असं सारखं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीच्या काचेत पान्हा घालणारा हा मिस्त्री. शेजारच्या पंक्चरवाल्याचं नाक त्याने फोडलं होतं आणि राग उतरल्यावर त्यालाच खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. एकदा मारायला कोणी सापडेना, तर शटरवर बुक्की घालून स्वतःचंच बोट मोडून घेतलं.

पण मोडका बोल्ट समोर आला की याची गरीब गाय व्हायची. जुन्या इंजिनात धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला, बोल्टांनी आवळलेला असतो. तापून, गंजून ते बोल्ट आतच मुरतात. खोलायला जावं तर डोकं तुटून हातात येतं आणि धड आत राहतं. बाकीचे मिस्त्री तिथे शिव्या घालत हातोडा उचलत. भडक्या तेल सोडायचा आणि थांबायचा. मग उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करायचा, तो गरम असतानाच त्याला मेणबत्ती टेकवायचा. मेण वितळून आट्यांत उतरायचं. मग पान्हा केसभर पुढे, केसभर मागे. "ये रे राजा, ये," असं तोंडाने चालूच. सुटताना बोल्ट बारीकसा कुरकुरतो. तो हे काम शिकत होता तेव्हा बॅटरी धरून शेजारी उभी राहायची त्याची ताई. तिलाही तो आवाज पाठ होता.

त्या ताईला घेऊन एक दिवस दाजी आला. त्याची जुनी गाडी फटफटत होती, मॅनिफोल्डचे तीन बोल्ट तुटलेले. मागच्या सीटवर सगळा संसार बांधलेला. दाजीला लांबच्या शहरात नोकरी लागली होती, आणि तिथे ताईला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं.

"गाडी झाली की लगेच निघायचं," दाजी म्हणाला.

घर गॅरेजच्या मागेच. ताई भांडी घासायला बसली, बाही वर सरकली आणि भडक्याला तिच्या दंडावर उमटलेली काळीनिळी बोटं दिसली. तो ताडकन उठला. ताई दारात आडवी झाली.

"बस खाली. मागे तू यांना मारलंस, त्याचं उट्टं कोणावर निघालं?" तिने ओठ वर करून तुटका दात दाखवला. "माझी शपथ आहे तुला. हात उचलायचा नाही."

भडक्या बसला. हात आवरेनात, तेव्हा ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

मग त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. तो बोल्टाविषयी खोटं बोलला. दोन बोल्ट काढून दाखवले. तिसराही पहिल्याच दुपारी कुरकुरला होता. तो त्याने परत गच्च आवळला आणि वरचा नट घासून टाकला. "हा बसलाय दाजी. भिजू द्या." दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या दिवशीही तेच. बहिणीला नेणारी गाडी एवढ्याशा खुंटावर अडवून धरता येईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. तापट माणसं अशी खुळीही असतात.

शेवटी दाजीची सटकली. ताई चहा घेऊन गॅरेजात आली, तेव्हा तो भडक्याला ढकलून स्वतःच बॉनेटखाली वाकला होता. खुंटाला भोक पाडून त्याने त्यात ईझी-आउट ठोकला होता. ही उलट्या आट्यांची पोलादी खुंटी. भोकात रुतते आणि बोल्टाला फिरवून बाहेर आणते. पण जास्त जोर केला की काचेसारखी आतच तुटते, आणि मग तिच्यात ड्रिलसुद्धा शिरत नाही. दाजीने पान्ह्यावर हातभर लांब पाइप चढवला.

"जोर नका लावू," ताई म्हणाली. "आत तुटेल."

"तू शिकवणार मला?"

काडकन आवाज झाला. पाइप निसटला, दाजीची बोटं लोखंडावर सोलवटली. त्याच रक्ताळलेल्या हाताने त्याने वळून ताईच्या तोंडात अशी दिली की तिचं कपाळ टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. कप फुटला. भुवईतून रक्ताची धार लागली.

भडक्याचा हातोडा वर गेला. "दाजी, आता तुम्ही मेलात!" पण हात वरच्या वर थांबला. शपथ आठवली. तेवढ्यात ताईने पाइप उचलला आणि दाजीच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. मग खांद्यावर, मग तोंड झाकणाऱ्या हातांवर. मनगटाचं हाड मोडलेलं ऐकू आलं. "अगं, अगं," एवढंच तो म्हणत होता. ताई गादी धोपटावी तशी धोपटत होती. पाइप डोक्यावर येऊ लागला तेव्हा भडक्याने तिला मागून मिठी घातली.

"सोड!" तिने त्याच्या नडगीवर टाच मारली, बरगडीत कोपर घातलं. "मला धरायला बरा धावलास! त्याला का नाही धरलंस? इतके दिवस काय करत होतास?"

तूच शपथ घातलीस, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. खरं होतं, पण बोलायच्या लायकीचं नव्हतं. ताई वळून त्याच्या छातीवर गुद्दे मारत राहिली आणि उभ्या जन्मात कोणाचा मार न खाल्लेला तो माणूस मुकाट मार खात राहिला.

दमून ती जमिनीवर बसली. दाजी कोपऱ्यात विव्हळत होता.

"तो बोल्ट येत होता ना?" तिने विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"ठाऊक आहे. मागे घरात ऐकू आलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू बोलशील."

पंक्चरवाल्याने फोन केला असावा, अँब्युलन्स आली. दाजीला स्ट्रेचरवर घेतलं. एवढं होऊनही तो ताईकडे बघून खेकसला, "चल! चल म्हणतो ना!"

"पेशंटसोबत कोण येतंय?" अँब्युलन्सवाल्याने विचारलं. "आणि मारलंय कोणी याला?"

"मी," म्हणत भडक्या पुढे झाला. त्याच्यावर कोणाचाही विश्वास बसला असता.

"गप्प बस तू," ताई म्हणाली. भुवईवर फडकं दाबून ती उठली. "मी मारलंय. सोबत कोणी येत नाहीये. आणि पोलिसांना सांगा, मी कुठेही जाणार नाही."