परकारभाईंची उलटी टेकडी

परकारभाईंनी कुठलाही कागद हाती आला तसा कधी वाचला नाही. आधी तो चारी बाजूंनी फिरवायचा, मगच चष्मा लावायचा. हॉटेलातलं मेनूकार्ड, लग्नाची पत्रिका, रजेचा अर्ज, सगळ्यांना हाच मान. कतारला, दोह्यातल्या आमच्या सर्व्हे ऑफिसात मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझा पासपोर्टचा फोटोही असाच फिरवला, उलटा धरला आणि म्हणाले, "आता बरा दिसतोस." मी सांगलीचा आहे हे कळल्यावर त्यांनी मला जी 'घाट्या' म्हणून हाक मारली ती कायमची. माझ्या कार्डावर 'सीनियर रिपोर्ट रायटर' छापलं होतं. ते कार्ड मात्र त्यांनी फिरवूनसुद्धा पाहिलं नाही.

परकारभाई रत्नागिरीकडचे. तिथल्या भूमापन खात्यात नकाशे काढता काढता इकडे आले आणि तीस वर्षं फरीज बिन ओमरान वस्तीतल्या एकाच खोलीत राहिले. ऑफिसच्या मागच्या बाजूला अकरा खोकी होती. इंग्रजांच्या अमदानीत तेलाचा वास काढत या वाळवंटावरून विमानं फिरली, त्यांतून काढलेले ते फोटो. फोटोतली एकेक विहीर, एकेक वाट, शेळ्यांचं एकेक कुंपण ओळखून यादी करायची, हे परकारभाईंचं काम. आठ खोकी संपली होती, तीन उरली होती, आणि त्यांचा करार त्या महिन्याअखेर संपत होता. तो वाढावा, खोकी हातून पुरी व्हावीत, एवढीच त्यांची इच्छा. बाकी घरी जाऊन करायचं काय, नारळ मोजायचे?

एका फोटोच्या कडेला कुणा वैमानिकाने पेन्सिलीने 'निर्मनुष्य' लिहिलं होतं. परकारभाईंनी भिंग लावून त्यातच मला चार तंबू आणि बावीस शेळ्या दाखवल्या. "सायबान लिवलान माणूस नाय. अरे, डोसक्यावर विमान घोंगावला तर माणूस आत जाईल का हात हलवत ऱ्हाईल?"

त्यांचा नियम एकच. "सावली आपल्याकडं पडू दे, मगच बग." मी मान डोलवायचो. कळत काहीच नव्हतं. पण न कळता मान डोलवणं हीच माझी नोकरी होती.

तेव्हा आमच्याकडे हेरिटेज पार्कचं काम आलं. लंडनहून एक कन्सल्टंट आले. त्यांना जुन्या फोटोत एक देखणी टेकडी सापडली. आज ती जागा साफ सपाट, तेव्हा टेकडी विकासाच्या नादात कापली गेली असणार. म्हणून ती ट्रकांनी माती आणून पुन्हा उभी करायची, असा त्यांचा बेत ठरला. रिपोर्ट मी लिहिला. त्यात 'वाळवंटाच्या स्मृतीत ताठ मानेने उभी असलेली टेकडी' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. जागा मी पाहिलेली नव्हती. पाहिली असती तर इतकं बरं लिहून झालं नसतं.

नकाशाच्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात 'चेक्ड बाय' असा चौकोन असायचा. त्यात परकारभाईंची सही पडल्याशिवाय कागद बाहेर जात नसे. टेकडीच्या शीटवर त्यांनी सही केली नाही. टेकडी नाही म्हणाले, खड्डा आहे. मॅनेजरने मला बोलावून घेतलं. तुम्ही दोघं एकच भाषा बोलता, समजाव त्याला, आणि त्याच्या कराराचा कागद माझ्याच टेबलावर आहे हेही सांग, असं हिंदीत म्हणाला.

मी शुक्रवारी चकल्यांचा डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. डबा देताना बायको म्हणाली होती, "म्हाताऱ्याला फशी पाडायला माझ्या चकल्या नेऊ नकोस." मी नेल्या.

परकारभाईंनी सुलेमानी चहा ओतला. मी बराच वेळ व्यवहार, वय, तीन खोकी असं काय काय बोलत राहिलो. लंडनवाल्यांना टेकडी हवीय, तुमचं काय जातंय, इथपर्यंत आलो. ते चकली खात ऐकत होते. मग त्यांनी त्या फोटोची प्रत पलंगावर ठेवली, उत्तर दिशा वर, रिपोर्टात होती तशी. टेकडी झकास दिसत होती. नंतर त्यांनी बोटाने कागद अर्धा फिरवला.

टेकडी खाली बसली. माझ्या डोळ्यांदेखत. जिथे फुगवटा होता तिथे खोलगट भाग झाला, आणि चारी बाजूंनी पांढऱ्या पायवाटा त्यात उतरायला लागल्या.

"हिकडं ऊन दक्षिणेकडनं," ते म्हणाले. "उत्तर वर ठेवलीस तर सावली पलीकडं पळते. डोळ्याला वाटतं ऊन वरनंच येतंय, मग खड्ड्याचा डोंगर होतो. मधी ती काळी टिकली बग, विहीर. हितं बायका उतरून पानी भरायच्या. नंतर कुणीतरी भराव टाकून बुजवलान. आता त्यांच्या वाटंवर डोंगर घालतंस?"

मी कराराचं पुन्हा काढलं.

"तीन खोकी ऱ्हातील," ते म्हणाले. "खोटी सही केली तर आठ पण जातील."

रविवारी मॅनेजरने विचारलं, मग सही कोण करतंय? खोलीत दोघंच होतो, त्यामुळे इकडेतिकडे बघण्यात अर्थ नव्हता. माझी फॅमिली नुकतीच इकडे आली होती, बिन महमूदमध्ये फ्लॅट घेतला होता, मुलीला शाळेत प्रवेश मिळाला होता. भित्र्या माणसाकडे कारणांचा साठा नेहमी ताजा असतो. मी सही केली. इतकी वळणदार सही मी लग्नाच्या रजिस्टरातही केली नव्हती.

परकारभाईंचा करार वाढला नाही. निघायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. ती शीट समोरच होती. त्यांनी ती सवयीने फिरवली आणि म्हणाले, "सही झकास आलीय रे घाट्या. कागद तेवढा उलटा हाय. यल्ला, येतो." चकल्यांचा डबा त्यांनी घासूनपुसून परत दिला. कोकणातला माणूस डबा रिकामा देत नाही. आत मूठभर खजूर होते. शिवी असती तर पचली असती.

टेकडी झाली. तिच्यावर गवत लावलं, दिवे लावले, पायथ्याशी फलक लावला. फलकावर तो जुना फोटो मोठा करून छापलाय आणि खाली माझं वाक्य आहे. गेल्या हिवाळ्यात दोन दिवस पाऊस पडला, तेव्हा मी बायको-मुलीला घेऊन तिथे गेलो. माथा कोरडा ठणठणीत, आणि पायथ्याचं पार्किंग गुडघाभर पाण्यात. मी त्याचे आणि फलकाचे फोटो परकारभाईंना पाठवले. आम्ही तिथेच होतो तोवर रत्नागिरीहून त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबडा आरवत होता. "पानी आपल्या जाग्यावर आला रे. पानी काय रिपोर्ट वाचून व्हाता? फलक फिरवून बगितलास?"

फलक सिमेंटात रोवलेला. म्हणून मी फलकाचा फोटो उघडून मोबाइल उलटा केला, तर फोटो आपोआप सरळ झाला. पुन्हा केला, पुन्हा सरळ. मोबाइलही आमच्याच ऑफिसात तयार झाल्यासारखा. शेवटी तो कट्ट्यावर आडवा ठेवला आणि मीच त्याला अर्धी प्रदक्षिणा घालून पलीकडे गेलो. मुलगी कुतूहलाने माझ्या मागोमाग आली.

"बाबा, इट्स अ होल!" ती म्हणाली. मग पार्किंगमधल्या पाण्याकडे बघून म्हणाली, "डिडंट एनीबडी चेक?"

"केलं होतं," मी म्हणालो. "परकारभाईंनी."

सही कुणाची होती, हे तिने विचारलं नाही. ते मीच सांगितलं.