प्लग बसेना

या सदरात लिहिणाऱ्या बहुतेकांना घाटात एखादी बाई भेटते, नाहीतर झाडाखाली कुणीतरी उभं असतं. मला असलं काही कधी दिसलेलं नाही. माझा अनुभव एका प्लगचा आहे... गाडी तपासायच्या स्कॅनरच्या प्लगचा. हसू आलं तर हसा. असे किस्से सांगणाऱ्याला "आदल्या दिवशी झोप झाली होती का?" असं तोंडावर विचारणारी मी बाई. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणून तर जास्त त्रास होतो.

टाकवे बुद्रुकजवळच्या एका गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये मी डिस्पॅच बघते. कुठलं खोकं कुठल्या गाडीत, हे आधी लिहायचं आणि मगच हात लावायचा, अशी माझी सवय. तेव्हा हेही क्रमाने सांगते.

माझा धाकटा भाऊ दत्ता लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टवर ड्रायव्हर होता. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, पवना धरण नाहीतर बेडश्याची लेणी दाखवून परत सोडायचं. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी वयस्कर बाईंना घेऊन तो दुधिवरे खिंडीतून पवनेच्या बाजूला उतरत होता. अर्ध्या उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. दोन्ही पाय देऊन दाबलं तरी जाईना. पुढे वळण, वळणापलीकडे मोकळी दरी. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि घासत नेत थांबवली. बाईंचा खुबा मोडला, दत्ताच्या कपाळाला टाके पडले. दोघं वाचले.

रिसॉर्टचा मॅनेजर दवाखान्यात आला तेव्हा मी दत्ताच्या उशाशी बसले होते. बरा आहेस का वगैरे काही नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "इंजिन बंद करून सोडली होतीस ना गाडी?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची म्हणजे डिझेल वाचतं, ही आमच्याकडच्या बऱ्याच ड्रायव्हरांची खोड. पण इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी ताकदही जाते आणि पेडल घट्ट होतं. म्हणजे पेडल घट्ट झालं हे दत्ता खरं सांगत होता, तेच त्याच्या अंगाशी येत होतं. आणि कुठली गाडी किती अ‍ॅव्हरेज देते हे दर महिन्याला सगळ्या ड्रायव्हरांसमोर मोठ्याने वाचणारा माणूस कोण? हाच मॅनेजर.

"न्हाई साहेब, इंजिन चालू व्हतं," दत्ता म्हणाला. "आईशप्पत चालू व्हतं."

"सगळे असंच बोलतात रे."

बाईंच्या मुलाने पोलिसांत तक्रार दिली होती. इंजिन चालू असताना ब्रेक गेला असेल तर दोष गाडीचा. बंद केलं असेल तर गुन्हेगार दत्ता. सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं.

गाडी ओढून आणली ती जवळ पडतं म्हणून कामशेतला, मिलिंदच्या गॅरेजवर. मिलिंद बेडश्याचा, दत्ताच्या वर्गातला. त्याने बॅटरी जोडली, स्टिअरिंगखाली हात घालून तिथल्या पोर्टमध्ये स्कॅनरचा प्लग लावला आणि मला फोन केला. मी डबा तसाच ठेवून गेले.

"ताई, हे बघा." स्क्रीनवर ब्रेकला ताकद देणाऱ्या व्हॅक्यूमचा फॉल्ट होता. त्याच्या खाली, फॉल्ट आला त्या क्षणी इंजिन किती वेगाने फिरत होतं तो आकडा. चौदाशेच्या आसपास.

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन चालू व्हतं. बंद इंजिन फिरतं व्हय कुटं? आता बोलवा तुमच्या मॅनेजरला."

मी मोबाईलवर फोटो काढला. मिलिंदने प्लग काढला, परत लावला, परत तेच. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, भर दुपारी, चहा प्यायलेली असताना.

दोन दिवसांनी विम्याचा सर्व्हेअर आला, सोबत मॅनेजर. मिलिंदने तोच स्कॅनर घेतला, त्याच गाडीत वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बसंना."

"उलटा धरलाय का?"

"ताई, रोज हेच करतो मी."

मग सर्व्हेअर स्वतः आत शिरला. टॉर्च मारली. पोर्ट स्वच्छ, आतल्या पिना सरळ. प्लगही नीट. तोंडाशी नेला की अडकायचा, जणू दुसऱ्याच कुठल्या गाडीसाठी केलाय. त्याने आपल्या गाडीतून स्वतःचा स्कॅनर आणला. तोही बसेना. मग माझ्या सांगण्यावरून मिलिंदने आपला स्कॅनर शेजारी उभ्या असलेल्या टॅक्सीला लावला... पहिल्या दणक्यात बसला. सर्व्हेअरच्या गाडीला लावला, बसला. दत्ताच्या गाडीला नाही. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर मागवून प्लगची रुंदी मोजली, पोर्टची मोजली, टॅक्सीच्या पोर्टची मोजली. सगळं जिथल्या तिथे. आकड्यांप्रमाणे बसायलाच हवा होता.

मॅनेजर हात बांधून उभा होता. "परवा बसत होता, आज बसत नाही. वा! गाडी लाजते वाटतं."

मी फोटो पुढे केला. सर्व्हेअर वाईट माणूस नव्हता, नीट बघितला त्याने. मग म्हणाला, "मॅडम, यात गाडीचा नंबर कुठंय? हा कुठल्याही गाडीचा असू शकतो." आणि लिहिलं: स्कॅन होऊ शकला नाही.

फोटोत नंबरप्लेट घ्यायला हवी होती. खोक्यावर लेबल नसेल तर मी पोरींना रागावते, आणि इथे...

पुढच्या आठवड्यात तळेगावचा एक इलेक्ट्रिशियन आणला. त्याने पोर्ट उघडून, साफ करून, परत बसवून दिला. प्लग बसेना. आईने धोशा लावला की खिंडीतल्या देवाला नारळ द्या. मी मिलिंदला सांगितलं तेव्हा तो हसला, "मी नारळवाला न्हाई ताई, पन तुमी फोडत असाल तर मी आडवा येनार न्हाई." फोडला. तोही फुकट गेला.

तोवर मॅनेजरने दत्ताला गाठलं होतं. उतारावर इंजिन बंद केल्याचं लिहून दे, बाईंच्या मुलाशी आम्ही बोलतो, तक्रार मागे घेतील. नाहीतर कोर्टाच्या खेपा घाल. मी दत्ताला म्हटलं, सही करू नकोस, थोडं थांब.

"कशासाटी थांबू आक्का? तुजा प्लग बसंना. मी काय जजला फोटो दावू?"

त्याने सही केली. ज्या दिवशी केली, त्याच दुपारी रिसॉर्टचा टो ट्रक गाडी न्यायला कामशेतला आला. दत्ता त्याच्याकडची दुसरी चावी द्यायला आला होता, मी त्याच्यासोबत. ट्रकवाला साखळ्या अडकवत होता. मिलिंद म्हणाला, जाता जाता शेवटचं बघू. वाकला.

टच.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. जराही जोर न लावता प्लग आत गेला. स्क्रीनवर तोच फॉल्ट, तोच चौदाशेच्या आसपासचा आकडा. मिलिंद ओरडला, "दत्ता, हिकडं ये! बसला, बसला!" या वेळी आम्ही व्हिडिओ काढला. नंबरप्लेटपासून सुरू करून, न थांबवता, स्क्रीनपर्यंत. तिथूनच सर्व्हेअरला पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. मी फोन लावला.

"मॅडम, आता ड्रायव्हरने स्वतः लिहून दिलंय. मी काय करू सांगा."

मी दत्ताला दंडाला धरून गाडीपाशी नेलं. म्हटलं, बघ, तू खरं बोलत होतास, इथे लिहिलंय. त्याने स्क्रीनकडे बघितलं.

"आक्का, यंत्राचं काय धरतीस. आज लागतं, उद्या न्हाई. मी बंद केली असंन गाडी."

"केली नव्हतीस!"

"केली असंन गं. सही हाय ना माजी."

ट्रक गेला. मिलिंद तसाच हातात स्कॅनर घेऊन उभा. वायर गुंडाळत म्हणाला, "हे यंत्र पन मालकाच्या बाजूचं निगालं."

तक्रार मागे घेतली गेली. नोकरी गेली ती गेलीच. दत्ता आता टाकव्यातून दुधाचा टेम्पो चालवतो. ज्यांना गाड्यांतलं कळतं अशा बऱ्याच जणांना मी विचारलं. थंडीने प्लास्टिक आक्रसतं म्हणे... मग दोन्ही स्कॅनरचं, आणि फक्त त्या एकाच गाडीपुरतं? कुणी म्हणालं मिलिंदने मुद्दाम केलं असेल. सर्व्हेअरनेही मुद्दाम केलं का? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, पण फोटो आणि व्हिडिओ आधी मागा, मी पाठवते.

पण खरं सांगू का, प्लगचं मी एक वेळ सोडून देईन. दत्ताचं सोडता येत नाही. गावात नव्या पोरांना तो आता स्वतःहून सांगत बसतो की उतारावर इंजिन बंद करू नका, माझं बघा काय झालं. मागच्या रविवारी मी तिथेच होते. खिंडीच्या कुठल्या वळणावर चावी फिरवली ते सांगितलं त्याने. इंजिन थांबल्यावर काचेतून वाऱ्याचा आवाज कसा येऊ लागला, तेसुद्धा. खोटं बोलताना तो मान खाली घालतो, लहानपणापासून. या वेळी मान वर होती.