एक फाइल हलेना

सुरतच्या डिंडोलीत कोणाच्या पोरीचं किंवा पोराचं लग्न जमवायचं असलं, की लोक आधी शालिग्रामभाऊंचं दार वाजवतात. सव्वीस वर्षं जवळच्या कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर उभं राहून भाऊंचे गुडघे गेले. तेव्हा घरी बसून त्यांनी हे नवं खूळ डोक्यात घेतलं: खान्देशातून सुरतेला आलेल्या घरांचे बायोडाटा कॉम्प्युटरवर करून द्यायचे. मोबदला काय, तर एक कप चहा. पण 'अपेक्षा काय?' हे ते इतकं खोदून खोदून विचारत, की मुलीच्या बापाला आपल्या मुलीचं काहीतरी नवीनच कळायचं. या खटाटोपातून साठ-सत्तर संसार उभे राहिले.

फक्त स्वतःच्या दिपालीचं जमत नव्हतं. ती एका कारखान्यात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करते, तिशीला टेकलीय. जगाची लग्नं लावता आणि घरातली पोर दिसत नाही, असा बायकोचा, मंगलाबाईंचा, रोजचा टोमणा. त्यावर भाऊंचं तीन वर्षं एकच उत्तर: बायोडाटा पाठवलाय, लोकांकडूनच काही येत नाही. हे ऐकलं की दिपाली खाली मान घालून आत निघून जायची.

रविवारी समाजाचा वधू-वर मेळावा, आणि शुक्रवारी कॉम्प्युटर अडून बसला. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला, नवा बायोडाटा सेव्हच होईना. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. दिपाली कामावरून आली आणि पर्स बाजूला टाकून बसली. डी ड्राइव्ह अख्खा रिकामा पडलाय, सगळे फोल्डर तिकडे हलवते, म्हणाली. भाऊ आणखीच धास्तावले. बिऱ्हाड हलवताना एखादी बशी तरी फुटतेच, आणि इथे तर सगळा समाज हलायचा होता! पण हिरवी पट्टी सरकू लागली. 'जमलेले' गेले, 'बोलणी चालू' गेले. 'बाकी' मात्र अर्ध्यात अडकला. यातली एक फाइल उघडी आहे, आधी ती बंद करा, असं कॉम्प्युटर सांगत होता.

भाऊंच्या लगेच लक्षात आलं. ते माउसकडे झेपावले, पण पोरीचा हात आधी पोचला. खाली दडवलेली फाइल वर आली. चि. सौ. कां. दिपाली. कालच दुपारी बदललेली. शिक्षण, उंची, रास, सगळं जिथल्या तिथे. शेवटी अपेक्षा: मुलगा सुरतचाच असावा. शक्यतो डिंडोलीचा. घर स्कूटरने दहा मिनिटांच्या आत.

दिपालीने ते दोनदा वाचलं.

“आबा, हाई कोठेच धाडेल नही ना?”

भाऊंना आता खोटं बोलता येईना. रोज उघडायचो, एखादी ओळ बदलायचो, उद्या पाठवू म्हणायचो, असं ते खाली बघत कबूल करून बसले. एकदा पाठवला की तू जाणार, आणि तेच सोसत नव्हतं. पोर हे ऐकून हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले.

“म्हंजे तीन वरीसमा माले कोनी नकारच देयेल नही? माले वाटे, मीच कोनले पसंत नही.”

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यावर एवढा जीव, तिला आपणच तीन वर्षं खाली मान घालून वावरायला लावलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. इतकी वर्षं लोकांच्या पोरींसाठी विचारलेला प्रश्न त्यांनी घरात पहिल्यांदाच विचारला.

“तुनी अपेक्षा काय शे, बेटा?”

तिने डोळे पुसले, जरा विचार केला. माझं काम सोडायला लावू नये, एवढं लिहा म्हणाली. आणि गावाचं काही घालू नका.

भाऊंनी एका बोटाने ते टाइप केलं. मग वर जाऊन सुरत खोडलं, डिंडोली खोडलं, दहा मिनिटं खोडली. आणि फाइल स्वतःच्या हाताने बंद केली.