क्वार्टर सोडण्याचं कारण

परदेशातल्या विद्यापीठांच्या अर्जात एक प्रश्न हमखास असायचा: तुम्हाला आमच्याकडेच का शिकायचं आहे? उत्तर पाचशे शब्दांत. माझं उत्तर एका ओळीत मावलं असतं, पण ती ओळ लिहिण्यासारखी नव्हती.

मी वाढले भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. रुंद रस्ते, आंब्याची झाडं, शाळा, दवाखाना, क्लब, सगळं कारखान्याचं. तिथे तुमचं नाव कुणी विचारत नसे. ‘पापा किस शॉप में हैं?’ आणि ‘कौन से टाइप में रहते हो?’ एवढ्या दोन प्रश्नांत ओळख आटपायची, कारण शॉप म्हणजे कारखान्यातला विभाग, आणि क्वार्टरचा टाइप हुद्द्यावर ठरायचा. क्लबच्या गणेशोत्सवात मी वक्तृत्वात पहिली आले, तेव्हाच्या प्रमाणपत्रावर वर बाबांचं नाव, मग हुद्दा, मग त्यांचा स्टाफ नंबर आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून, मी. ते प्रमाणपत्र आईने फ्रेम करून बैठकीत लावलं होतं आणि मी येता-जाता त्याच्यावर डोळे वटारायची.

तर मला अशा गावाला जायचं होतं जिथे बाबांना कुणी ओळखत नाही. बाबा मला अतिशय आवडायचे, पण जायचं होतं. झालं, एवढंच कारण.

आता ‘तुझं कारण राहू दे बाजूला’ म्हणणारी एक अडचण घरातच होती. बाबा दीड वर्षाने निवृत्त होणार होते, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. पण टाउनशिपमध्ये यावर एक सर्वमान्य तोडगा होता. मुलगा किंवा मुलगी त्याच कारखान्यात लागली की तेच क्वार्टर तिच्या नावावर करून घ्यायचं. दारावरची पाटी फक्त बदलायची, बाकी तुळस, पडदे, शेजारी सगळं जागच्या जागी. आमच्या ओळीतल्या चार घरांनी हेच केलं होतं. मी इंजिनिअरिंगला गेले त्याच दिवशी आईने मनातल्या मनात पाटी बदलून टाकली होती. टाउनशिपबाहेर, बाग सेवनियाला बाबांनी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, पण आई त्यांचा विषय निघाला की उठून कुकर लावायला जायची. बावीस वर्षं तिने त्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात जीव ओतला होता. पेरू, लिंबू, अळू, कढीपत्ता. तिच्या मते बाग सेवनिया म्हणजे भोपाळ नव्हतंच मुळी.

मी दोन्हीकडे अर्ज केले. कारखान्याच्या ट्रेनी इंजिनिअरच्या परीक्षेला बसले, आणि बाबांच्या संमतीने तीन परदेशी विद्यापीठांचे फॉर्मही मागवले. आई म्हणाली, “भर बाई, कागदच आहेत.” तिला खात्री होती की तिकडून काही येत नाही.

निबंधासाठी मी कारणं गोळा करत फिरले. शेजारच्या काकू ग्वाल्हेरच्या, त्या म्हणाल्या, “लिही ना, की इथं प्रयोगशाळा एकदम बेकार आहेत. सच्चीच तर आहेत!” कॉलेजातला एक मित्र म्हणाला, “सब लोग रिसर्च लिखते हैं, तू भी चेप दे.” मी चेपलं. मग मसुदा बाबांकडे गेला आणि खरा गोंधळ झाला.

बाबांनी तीस वर्षं फायलींवर टिपणं लिहिली होती. कागद दिसला की त्यांचा हात आपोआप समास सोडायचा. त्यांनी माझ्या स्वप्नांचे परिच्छेद पाडले, त्यांना १.१, १.२ असे आकडे दिले, ‘वरील बाबी विचारात घेता’ वगैरे घातलं. तेवढं मी भांडून काढायला लावलं. पण पुढे तो कागद कारखान्याच्या गेटबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे गेला. तो माणूस आयुष्यभर रजेचे आणि बढतीचे अर्जच टाइप करत आलेला. त्याने सवयीने वर ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ टाकलं आणि खाली ‘सबमिटेड फॉर काइंड अप्रूव्हल प्लीज’. बाबांनी ते तपासलं. त्यांना त्यात काही खटकलंच नाही. मी पाकिटं चिकटवून, पोस्टात टाकून घरी आले आणि मग राहिलेली प्रत वाचली. त्या दिवशी मी जेवले नाही.

दोन विद्यापीठांनी काही कळवलं नाही, यात मला नवल वाटलं नाही. तिसऱ्याचं पत्र आलं. प्रवेश, वर शिष्यवृत्ती, आणि सहीखाली कुणा प्राध्यापकाने पेनने एकच शब्द लिहिलेला: ‘अप्रूव्ड.’ मी हसून हसून खुर्चीतून खाली यायची बाकी होते. बाबांनी मात्र तो शब्द गंभीरपणे दोनदा वाचला आणि म्हणाले, “चला, मंजुरी आली.”

त्याच आठवड्यात कारखान्याचंही पत्र आलं. ट्रेनी इंजिनिअर म्हणून निवड. आईने ते देवापुढे ठेवलं आणि दुपारी पुरण शिजायला घातलं. परदेशाचं पत्र फ्रिजवर पडून होतं, त्याला कुणी हळदकुंकू लावलं नाही.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जेवताना जाहीर करून टाकलं की मी कारखान्यात रुजू होते. आवाज छान खणखणीत निघाला, स्वतःचंच कौतुक वाटलं. आईने माझ्या पानात तूप जरा जास्तच वाढलं. संध्याकाळी बाबा निबंधाची प्रत घेऊन माझ्या खोलीत आले.

“यातलं खरं किती?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही,” मी म्हणाले, आणि मग का कोण जाणे, एकदम भडकलेच. “मला कुठेतरी तुमच्याशिवाय राहून बघायचं होतं. तुमच्या हुद्द्याशिवाय, स्टाफ नंबरशिवाय. सगळीकडे मी तुमचीच मुलगी. आणि आता तर तुमच्याच कारखान्यात, तुमच्याच घरात राहणार. जाऊ दे, ते काही लिहिण्यासारखं नव्हतं.”

बोलून गेले आणि लाज वाटली. बाबांना लागलं होतं, ते दिसलंच. त्यांनी प्रतीची नीट घडी घातली आणि म्हणाले, “हे पहिल्यांदाच मुद्देसूद बोललीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, “चल जरा, इस्टेट ऑफिसात एक काम आहे.” मला वाटलं गळक्या नळाची तक्रार असेल. तिथल्या बाबूने खिडकीतून फॉर्म दिला, तेव्हा कळलं की तो क्वार्टर परत करण्याचा आहे. सोडण्याची तीन कारणं त्यावर छापलेली होती, निवृत्ती, बदली आणि मृत्यू. बाबांनी तिन्हींवर काट मारली आणि बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मुलगी परदेशी शिकायला जात आहे.’

बाबूने चष्मा वर केला. “सर, ये कारण तो लिस्ट में है ही नहीं.”

“तो जोड़ लीजिए.”

“लेकिन आपके तो अभी डेढ़ साल बाकी हैं. सोच लीजिए सर, एक बार सरेंडर हुआ तो वापस नहीं मिलेगा.”

“मालूम है,” बाबा म्हणाले. “इसीलिए आज दे रहा हूँ. कल मेरा ही मन बदल जाएगा.”

मी त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला, कारण सही करायची होती. इतक्या वर्षांत मला कितीतरी जणांनी विचारलं आहे की तुम्ही मुलं परदेशी का जाता, आणि मी प्रयोगशाळा, संशोधन, संधी असं काहीबाही सांगते. खरं सांगायचं तर मी गेले ते त्या सहीमुळे. मला मागे थांबता येऊ नये म्हणून माझ्या बापाने स्वतःचं घर आधी सोडलं. इतकं प्रेम माझ्यावर पुन्हा कुणी केलेलं नाही.

घरी येऊन बाबांनीच आईला सांगितलं. आई दोन दिवस आमच्यापैकी कुणाशी बोलली नाही. चहा यायचा, पोळ्या यायच्या, शब्द यायचा नाही. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन ‘आई, मी जात नाही’ म्हणाले, तर तिने माझ्याकडे न बघता भांडी जरा जोरात ठेवली. तिसऱ्या दिवशी ती अंगणात पेरूखाली बराच वेळ उभी होती. मग आत आली, पदराला हात पुसले आणि बाबांना विचारलं, “बाग सेवनियाला पाणी किती वाजता येतं?”

बाबांना ते माहीत नव्हतं. हातातला चहाचा कप तसाच ठेवून ते उठले, स्कूटर काढली आणि विचारायला गेले.