रुमालाखालचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलीलाही नाही. आता वहीत लिहितेय, तेही दाराला कडी लावून. चौथी शिकलेली बाई मी — अक्षरांच्या चुका होतील. पण जे सांगायचंय त्याला चूक म्हटलं, तर ते आणखी एक खोटं होईल.

रियासत गेली, ह्यांचा घोडदळाचा रिसाला मोडला, तेव्हा ह्यांनी आपली घोडी सरकारातून विकत घेतली. चंद्री. पुढे कारकुनी लागली, आणि मग कचेरीच उठून भोपाळला गेली. हे आधी गेले. तिथून पत्र आलं — घोडी विका, माझ्या हातून होणार नाही. द्वारकाबाईंना मदतीला घ्या, त्यांना पन्नास रुपये द्या.

द्वारका माझी शाळेतली मैत्रीण. बाप तबेल्यात कामाला, त्यामुळे तिला घोड्यांचं सगळं कळायचं. नवरा गेल्यावर टांगेवाल्यांना घोडी मिळवून द्यायची, जुनी विकून द्यायची, त्यावरच तिचं घर चाले. पन्नास तिला मी स्वतःच्या तोंडानं कबूल केले होते.

तिला पाहिलं की चंद्री तिच्या खांद्यावर मान टाकायची. मला पाहून कान मागे पाडायची. "अगं लाजाळू, घोडीसमोर पण घुंघट घेशील का?" द्वारका म्हणायची. शेजारणी हसायच्या. मीही हसायचे — आणि आत काय व्हायचं, सांगू? तिचं तोंड दाबून धरावंसं वाटायचं.

घोड्याचा भाव बोलून ठरत नाही. रुमालाखाली दोघं हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. घोडी घ्यायला आलेला व्यापारी म्हणाला, मालकिणीनं हात द्यावा. मी दाराआड. परक्या पुरुषाच्या हातात हात? द्वारकानं पदर खोचला. "सरक. मला कोण खातंय!" आणि तिनं माझ्यासाठी हात घातला.

पाचशे रुपये माझ्या ओच्यात पडले. जाताना व्यापारी दाराकडे बघून म्हणाला, "बाईजी, आपकी सहेली ने निचोड़ लिया. मैं तो चार सौ से ऊपर न जाता."

मी द्वारकाला पंधरा दिले.

"पन्नास ठरले होते ना गं?"

"ठरले होते?" मी म्हणाले.

अडचण होती का? नव्हती. तिनं थोडं गयावया करावं, एवढंच हवं होतं मला. ती म्हणाली, "भाऊजींना पत्र लिहिते." मग मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू होतं. तिथं मी एवढंच म्हणाले — रुमालाखाली काय काय ठरलं, देव जाणे. परक्याचा हात धरून बराच वेळ बसली होती. मी कधी बोलत नाही ना, म्हणून सगळ्यांनी ते खरं धरलं. बडबड्या बाईचं कुणी इतकं मानलं असतं का? आठवड्यात टांगेवाल्यांच्या बायकांनी तिला दार बंद केलं. तिचं काम सुटलं.

पंधरा रुपये तिनं माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवले. "ठेव. तुला कमी पडतील." पत्र तिनं लिहिलं नाही. ह्यांना मीच लिहिलं — पन्नास दिले. त्या पन्नासात सराफ्यातून मुलीला पैंजण घेतले. भोपाळला निघण्याआधी द्वारका नई सडकेवर दिसली, वाण्याच्या दुकानात जमिनीवर बसून डाळ निवडताना. तिनं वर पाहिलं. मी टांगेवाल्याला म्हटलं, चला.

रुमालाखाली काय झालं ते मला माहीत होतं. सौदा पटताच तिनं हात बाहेर काढला, आणि आधी दाराकडे, माझ्याकडे वळून, पाचही बोटं उघडून दाखवली होती — पाचशे. हसत.